‘हॅम्लेट’मधील पुराणसंदर्भ

शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ वाचताना नायोबी, हर्क्युलीस, हेक्युबा अशी नावे आली की आपण विद्यार्थी टीपांकडे वळतो, अर्थ वहीत उतरवतो आणि पुढे जातो. परीक्षेपुरते ते ठीक आहे. परंतु कोणाला ‘कर्ण’ किंवा ‘शकुनी’ म्हटले की आपल्याला टीप लागत नाही. ओव्हिड आणि व्हर्जिल शाळेत शिकलेल्या तत्कालीन प्रेक्षकालाही ही नावे अशीच जवळची होती. हॅम्लेटचे दुखणे समजून घ्यावयाचे असेल, तर हे उल्लेख कोणत्या क्रमाने येतात ते पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात हॅम्लेट एकटा उरतो. बाप जाऊन दोन महिनेही झालेले नाहीत आणि आईने दिराशी लग्न लावले आहे. बाप त्याला सूर्यदेव हायपेरिअनसारखा वाटतो, तर चुलता अर्धा बोकड असलेल्या सॅटरसारखा. पोटची मुले गेल्यावर रडून रडून जिची शिळा झाली, त्या नायोबीसारखी आई रडली होती. पण नायोबीचे अश्रू शिळा झाल्यावरही वाहत राहिले. आईचे महिन्याभरात आटले. उपमेतील साम्यापेक्षा भेदच येथे अधिक बोचतो. त्याच ओघात तो म्हणून जातो की, मी जितका हर्क्युलीससारखा, तितकाच चुलता बापासारखा. इतरांना मापता मापता त्याने स्वतःलाही मापले आणि उणे ठरविले!

दुसऱ्या अंकात एक नट ट्रॉयच्या पाडावाचे भाषण म्हणून दाखवितो. अकिलीसचा मुलगा पिऱ्हस बापाचा सूड घेण्यासाठी वृद्ध राजा प्रायमवर तलवार उगारतो. ती क्षणभर हवेत थबकते आणि मग कोसळते. पुढे तिसऱ्या अंकात प्रार्थनेला बसलेल्या क्लॉडिअसमागे हॅम्लेटचीही तलवार अशीच थबकते. मात्र ती म्यानात परत जाते. हा केवळ भित्रेपणा म्हणावा काय? त्या भाषणात प्रायमसाठी आक्रोश करणारी राणी हेक्युबाही आहे. आपल्या आईने जसा शोक करावयास हवा होता, तसा शोक ती करते. आणि तिला रडविणारा कोण, तर बापाचा सूड घेणारा मुलगाच! ज्या पिऱ्हसचा कित्ता हॅम्लेटने गिरवावा, तो रक्ताने माखलेला आणि निर्दय आहे. हॅम्लेटचा पेच या एका संदर्भात सामावला आहे.

पाचव्या अंकात, स्मशानात, हे थोर पुरुष पुन्हा येतात, पण मातीच्या रूपाने. अलेक्झांडरची माती पिंपाचे बूच होईल, सीझरची भिंतीचे भोक बुजवील, असे हॅम्लेट म्हणतो. ज्या मापाने तो स्वतःला कमी लेखत होता, ते मापच येथे गळून पडते. यानंतरच, जे घडेल त्याला सामोरे जाण्याची तयारी असली म्हणजे पुरे, असे तो शांतपणे म्हणू शकतो.

आगरकरांनी १८८३ साली या नाटकाला मराठीत ‘विकारविलसित’ हे समर्पक नाव दिले. त्या विकारांची चढउतार या नावांतूनही वाचता येते. तेव्हा टीप वाचून झाली की पुन्हा संवादाकडे वळावे, एवढेच माझ्या सहाध्यायांना सुचवावेसे वाटते.