‘कळवू’ म्हटल्यानंतर

माझा एक जुना विद्यार्थी एका कंपनीत मुलाखत देऊन आला. ‘कळवू’ एवढेच उत्तर मिळाले. त्या भरवशावर त्याने हाती आलेली दुसरी नोकरी सोडली आणि तीन महिने टपालाची वाट पाहिली. होकार नाही, नकारही नाही.

चूक मालकाची खरी. पण नुकसान उमेदवाराचे. म्हणून खोलीतून उठण्यापूर्वीच नम्रपणे विचारावे, “निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल?” ती तारीख उलटली की एक स्मरणपत्र धाडावे. त्यालाही उत्तर नसेल तर ते दार बंद समजावे. दरम्यान इतर अर्ज थांबवू नयेत.

सरकारी जागेची गोष्ट निराळी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे १० रुपये भरून माहिती मागता येते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. खाजगी कंपनीस हे बंधन नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मात्र १ जानेवारी २०२६ पासून, २५ वा अधिक नोकर असलेल्या मालकाने जाहीर जागेसाठी मुलाखत घेतली, तर निर्णय झाला की नाही हे उमेदवारास ४५ दिवसांत कळविणे सक्तीचे आहे. आपल्याकडे तसे नाही.

त्या मुलाने पुढे दुसरीकडे अर्ज केला. या खेपेस तारीख विचारूनच तो उठला.