मंडळीतली भांडणं: अनुभवाचे बोल

आमच्या घरात मराठी, उपासनेत हिंदी आणि उपासना सुटल्यावर आवारात छत्तीसगढी. आजोबा नोकरीच्या निमित्ताने नगरकडून रायपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत काम करायला लागल्यापासून मंडळीतली भांडणं फार जवळून पाहिली. पदांवरून, पैशांवरून, गाण्यांवरून, कब्रस्तानातल्या जागेवरूनसुद्धा. ख्रिस्ती माणसं भांडतात याचं मला नवल वाटत नाही. पौलाची कितीतरी पत्रं भांडणाऱ्या मंडळ्यांनाच लिहिलेली आहेत. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. समोरच्याचं ऐकून घेण्याआधीच आपण त्याला क्षमेचा उपदेश करतो. त्याने भांडण मिटत नाही, दबतं. आणि दबलेलं भांडण कमिटीच्या पुढच्या निवडणुकीत हमखास वर येतं.

१. ज्याच्याबद्दल तक्रार आहे, त्याला आधी भेटा.
मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम घालून दिला आहे. आधी दोघांनीच बोलायचं, नाही जमलं तर एक-दोघांना सोबत न्यायचं, तरीही नाही तर मंडळीपुढे यायचं. आपल्याकडे गोष्ट आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जाते, मग पाळकसाहेबांच्या कानावर आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यांत शेवटी कळते. माझ्याकडे कोणी तक्रार घेऊन आलं की मी पहिल्यांदा विचारते, "त्यांच्याशी बोललात का?" मात्र तक्रार पदावरच्या माणसाबद्दल असेल आणि सांगणाऱ्याला त्याची भीती वाटत असेल, तर त्याला एकट्याने पाठवू नये. तिथे सुरुवातच सोबतीने व्हावी.

२. हिशेबाच्या भांडणात आधी वही उघडा.
कापणीच्या सणाला लोक धानाच्या गोण्या, कोंबड्या, भोपळे, कोचई (अळकुड्या) असं काय काय आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका वर्षी जाहीर केलेली रक्कम आणि पेटीतली रक्कम जुळेना. खजिनदार भैया आणि महिला मंडळातल्या एक दीदी यांची चांगलीच जुंपली. कोणीतरी घाईने म्हणालं, "चलिए, प्रार्थना कर लेते हैं." दीदी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रार्थना भी करेंगे, पहले कॉपी खोलिए." वही उघडली, एकेक नाव वाचलं. बोली लावलेल्या बऱ्याच जणांनी पैसेच दिले नव्हते. खजिनदारांवरचा संशय फिटला आणि दीदींचा प्रश्नही रास्त ठरला. मग झालेल्या प्रार्थनेला दोघांनी मनापासून आमेन म्हटलं. आता बोली आणि जमा असे दोन वेगळे रकाने लिहून हिशेब फलकावर लावतात.

३. ज्यांची तक्रार आहे, त्यांच्या हाती काम द्या.
यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी सात जण नेमायला सांगितलं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात त्यांची नावं आहेत आणि स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही ग्रीक आहेत. ज्यांना डावललं, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप आलं. आमच्याकडे छत्तीसगढी भजनांना वेळ मिळत नाही म्हणून खेड्यांतून आलेली कुटुंबं नाराज होती. सभा घेऊन समजूत काढण्यापेक्षा एका रविवारची गाणी त्यांच्याकडे सोपवली. तक्रार तिथेच थांबली, शिवाय ढोलक आणि मांदर वाजवणारी मुलं मंडळीला मिळाली.

४. प्रत्येक वादात एक बाजू हरायलाच हवी असं नाही.
रायपूरच्या परिसरात इव्हँजेलिकल मिशनचं काम १८६८ मध्ये ऑस्कर लोहर यांनी सुरू केलं. बिश्रामपूर हे गाव त्यांनीच वसवलं. या परंपरेत तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा होतो. बिलासपूरकडच्या डिसायपल्स मिशनच्या मते बाप्तिस्मा जाणत्या वयातच, तोही पाण्यात बुडवून घ्यायचा. या दोन्ही परंपरांना एका चर्चमध्ये आणायचं, तर हा प्रश्न साधा नव्हता. एकीकरणाची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य झाल्या. या कामाला ४१ वर्षं लागली. म्हणून एका बैठकीत निकाल लागला नाही तर मी घाबरत नाही. पुढच्या बैठकीची तारीख ठरल्याशिवाय मात्र कोणाला उठू देत नाही.

५. वाटा वेगळ्या झाल्या तरी नातं तोडू नका.
मार्कला सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतकं वाजलं की दोघे दोन दिशांना गेले. पुढे तुरुंगातून लिहिताना पौलाने त्याच मार्कला बोलावून घेतलं. इथलंच उदाहरण द्यायचं तर नारायण वामन टिळकांचं. राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना नवा करार मिळाला, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यावरून पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे संसार पुन्हा जुळला आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. मंडळी सोडून गेलेल्या कुटुंबाच्या दुखल्या-खुपल्याला, लग्नाला, मयताला आपण जावं. परतण्याची अट घालून जाऊ नये.

६. गुन्ह्याला भांडण म्हणू नका.
करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की भावाभावांनी कोर्टात जाऊ नये. हे वचन पुढे करून भलतंच झाकलेलं मी ऐकलं आहे. मुलाबाळांवरचा अत्याचार, बाईला मारहाण, दानाच्या पैशांची अफरातफर हे मतभेद नव्हेत. मुलांच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मंडळीची बदनामी होईल' असं म्हणणाऱ्याला माझं उत्तर ठरलेलं आहे. बदनामी गुन्ह्याने होते, तक्रारीने नाही.

७. पहिलं पाऊल दुखावणाऱ्याने टाकायचं.
मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीजवळ अर्पण ठेवून परत जायला सांगितलं आहे ते कोणाला? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याला. आपण मात्र दुखावलेल्यालाच "सोडून दे, क्षमा कर" म्हणून गळ घालतो आणि दुखावणारा पुढच्या बाकावर निवांत बसतो. क्षमा करायला सांगितलेलंच आहे, ते मी मानते. पण ती मागण्याआधी चूक नाव घेऊन कबूल करावी, झालेलं नुकसान भरून द्यावं आणि समोरच्याला वेळ द्यावा. प्रभुभोजनाची सूचना आधल्या रविवारी होते. तो आठवडा यासाठीच वापरावा. कोणाच्या दारी जायचं ते आपलं आपल्याला पक्कं ठाऊक असतं.