शर्यतीची मोटार : पट्टा हाडावर हवा, पोटावर नको

नाशिक-कोल्हापूरकडचे मोटार-शर्यतींचे वेड आता आपल्याकडेही आले आहे. जुनी गाडी गॅरेजमध्ये तयार करून मातीच्या ट्रॅकवर उतरवणारी तरुण मंडळी माझ्याकडे फिटनेसचा दाखला मागायला येतात. रक्तदाब, डोळे तपासून झाले की मी पट्ट्याची चौकशी करतो. उत्तर बहुधा ठरलेले : "चार पॉइंटचा आहे डॉक्टर, एकदम घट्ट!"

घट्ट खरा, पण कशावर? १९५४ साली अमेरिकन हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःला रॉकेटच्या गाडीत बांधून घेतले. ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगावरून ती गाडी दीड सेकंदाच्या आत थांबली. त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरले, पण ते वाचले. पट्टे नीट बांधलेले असतील तर शरीर केवढा धक्का सोसते, हे त्यावरून दिसले.

कमरेचा पट्टा जांघेच्या घडीजवळ, कटीच्या हाडांवर बसला पाहिजे. पोटावर चढलेला पट्टा धडकेत आतडी, यकृत, प्लीहा चिरडतो. चार पॉइंटच्या पट्ट्यात नेमके हेच होते. खांद्याचे पट्टे आवळले की बक्कल वर सरकते आणि माणूस खालून निसटतो. सबब मांड्यांमधून जाणारे पट्टेही असलेला सहा पॉइंटचाच घ्यावा. आधी कमरेचा आवळावा, मग खांद्याचे.

खांद्याचे पट्टे मागे फ्लोअरला बोल्ट करू नयेत. तसे केल्यास ते पाठीचा कणा खाली दाबतात. ते जवळजवळ आडवे मागे नेऊन रोलकेजच्या आडव्या नळीला बांधावेत. कोणताही पट्टा सीटला अडकवू नये. बॉडीच्या नुसत्या पत्र्यात बोल्ट मारला तर तो पत्रा फाडून बाहेर येतो. मागून किमान ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी हवीच. एकदा मोठ्या अपघातात ताणला गेलेला पट्टा फेकून द्यावा, मग तो कितीही महाग असो.

आता हेल्मेट. मोटारसायकलचे आयएसआय हेल्मेट रस्त्यावर उत्तम, पण मोटारीत डोके रोलकेजवर पुन्हा पुन्हा आपटते, शिवाय आगीचे भय असते. स्नेल संस्थेच्या 'एसए' शिक्क्याच्या हेल्मेटची या दोन्हींसाठी चाचणी होते. हेल्मेट हलवले की कपाळाची कातडीही हलली पाहिजे.

हेल्मेटने मानेवरचे वजन मात्र वाढते. धड पट्ट्याने जखडलेले आणि डोके मोकळे, मग कवटीचा तळ फुटतो. डेल अर्नहार्ट हा नामांकित शर्यतपटू २००१ साली असाच गेला. डोके खांद्यावरील चौकटीशी जोडणारे 'हान्स' साधन तेव्हा उपलब्ध होते, त्याने लावलेले नव्हते. फॉर्म्युला वनने २००३ पासून ते सक्तीचे केले. साधन स्वस्त नाही, हे मला ठाऊक आहे. आधी तेच घ्या, इंजिनाचे काम पुढच्या हंगामात करा.

आणि ट्रॅकच्या कडेला उभे राहणाऱ्या मित्रांनो, अपघातानंतर हेल्मेट ओढून काढू नका. एकाने डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवावी. श्वास अडत असेल तरच दुसऱ्याने ते हळूहळू काढावे. एरवी डॉक्टर येईपर्यंत ते तसेच राहू द्यावे.