रेखाटन : रेषेचे लेखन

वसंत सरवटे (1927–2016) यांना ‘रेषालेखक’ म्हटले जाते. या समासातील ‘लेखक’ हे पद महत्त्वाचे आहे. व्यवसायाने अभियंता असलेल्या सरवट्यांनी ‘ललित’मधील ठणठणपाळाच्या (हे जयवंत दळवींचे टोपणनाव) हाती हातोडा दिला आणि त्या लेखनातील खोडकर टीकावृत्तीला देह मिळाला. मजकुराची केवळ पुनरुक्ती करणारे रेखाटन, प्रस्तुत लेखकाच्या मते, सजावटच होय.

कच्च्या रेखाटनाचे मोल येथेच कळते. विठ्ठलवाडी स्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशाचे रेखाटन करताना गाडी येईपर्यंतचाच अवधी मिळतो. कपड्यांच्या चुण्या, पिशवीवरील अक्षरे सुटतात. खांद्याचा कल तेवढा उरतो. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करावा. चित्रकला येणे आवश्यक नाही. नंतर त्याच प्रवाशाचे तीन वाक्यांत वर्णन लिहावे आणि रेषेने गाळलेले काय शब्दांत परत आले, ते तपासावे.