घोड्याचे पाणी आणि रोजची देखभाल



घोड्याला दिवसाकाठी किती पाणी लागते हे त्याचे वजन, वैरण आणि काम यांवर ठरते. थंडीच्या दिवसांत बांधून असलेल्या घोड्याला दर १०० किलो वजनामागे साधारण ५ लिटर पुरते, म्हणजे ४०० किलोच्या जनावराला २० लिटर. उन्हाळ्यात कामाला जुंपले की हेच पाणी दुपटी-अडीचपटीवर जाते. पाजत्या घोडीलाही असेच वाढवून द्यावे लागते. माण, आटपाडी, जत या भागांतले धनगर मेंढरांमागे बिऱ्हाड वाहण्यासाठी जी तट्टे बाळगतात, ती अंगाने लहान आणि काटक असतात. पण काटक जनावराला कमी पाणी चालते हा समज खोटा आहे. ते तक्रार उशिरा करते, एवढेच.

वैरणीचा हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हिरव्या गवतात पाऊण हिस्सा पाणीच असते, वाळल्या कडब्यात ते दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरते. श्रावणात अर्ध्या बादलीवर भागणारा घोडा माघात कडब्यावर आला की ती सगळी तूट बादलीतूनच भरून काढावी लागते. ती भरली नाही, तर कोरडी वैरण मोठ्या आतड्यात घट्ट होऊन अडते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे हे दुखणे जिवावर बेतते. पुढच्या पायाने जमीन उकरणे, मान वळवून कुशीकडे पाहणे, पुन्हा पुन्हा बसणे-उठणे आणि लोळणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी घरगुती काढे पाजत बसू नये, पशुवैद्याला बोलवावे. नळीने काढा ओतताना तो फुप्फुसात गेला तर एका दुखण्याची दोन होतात.

प्रवासात पाण्याची खरी परीक्षा होते. ज्येष्ठात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आळंदीला निघणारे माउलींचे अश्व सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे पायी ओलांडतात. पुढे पालखीबरोबर परत सातारा जिल्ह्यात येऊन लोणंदच्या पुढे चांदोबाचा लिंब येथे पहिल्या उभ्या रिंगणात ते धावतात. अशा वाटचालीत दर मुक्कामाला पाणी बदलते. घोड्याचे नाक तिखट असते. क्लोरीनचा वास आला किंवा क्षारपड पट्ट्यातल्या बोअरचे मचूळ पाणी पुढे ठेवले, तर तहानलेला घोडाही तोंड फिरवतो. यावर सोपा उपाय आहे. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ विरघळवून द्यावा आणि वाटेतही तोच गूळ वापरावा. बादली मात्र स्वतःचीच न्यावी. यात्रेतल्या सामाईक हौदावर नाक वाहणाऱ्या एका घोड्याने तोंड घातले की गळ्याच्या गाठी पिकणारा स्ट्रँगल्स सगळ्या तळावर पसरायला वेळ लागत नाही.

घोडा किती प्याला हे नुसते पाहूनही कळते. गिळताना त्याचे कान प्रत्येक घोटाला मागे-पुढे हलतात. कान हलत नसतील, तर तो ओठ बुडवून नुसता खेळतो आहे असे समजावे. दौडीहून आलेल्या घामेजल्या घोड्याला पाणी दाखवूच नये, हा जुन्या मोतद्दारांचा दंडक आता टिकत नाही. अंगावर पाणी ओतावे, निथळू द्यावे, फिरवत ठेवावे आणि दर काही मिनिटांनी चार-सहा घोट द्यावेत. घोड्याच्या घामात माणसाच्या घामापेक्षा क्षार जास्त असतात. म्हणून रोज ३० ते ५० ग्रॅम साधे मीठ चंदीत मिसळावे किंवा मिठाचा खडा गव्हाणीत ठेवावा. मीठ पोटात गेले की तहानही लागते.

सकाळी तबेल्यात शिरल्यावर आधी लीद पाहावी, मग घोडा. दिवसात आठ-दहा वेळा पडणारी, ओलसर, जमिनीवर पडताच फुटणारी लीद ठीक. बारीक, कडक, चिकट आवरणाची लीद दिसली की पाणी कमी पडले आहे. मग पाणी, त्यामागून वैरण आणि शेवटी चंदी, असा क्रम ठेवावा. बुरशी आलेला कडबा, कोवळी ज्वारी आणि कोंबडीखाद्य यांपासून घोडा लांब ठेवावा. विटा-खानापूर भागात कुक्कुटपालन मोठे असल्याने शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची: कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते मोनेन्सिन कोंबडीला चालते, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने निकामी होतात. रिकाम्या झालेल्या त्या पोत्यात चंदीसुद्धा भरू नये.

खरारा रोज करावा. लोखंडी खरारा मांसल भागावरच चालवावा. तोंडाला आणि गुडघ्याखाली मऊ ब्रश. खोगिराखालची आणि तंगाखालची कातडी बोटांनी चाचपावी, कारण जखम दिसण्याआधी तिथे ऊब लागते. चारही खूर रोज कोरून काढावेत. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवावे. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात चिखलात उभे राहून खुराचा तळवा सडतो, काळा घाण वासाचा स्राव येतो. तिथे उभे राहण्यापुरती तरी कोरडी उंच जागा लागते. लिदीचा ढीग वेण्णा तलावाकडे वाहणाऱ्या ओघळीत नसावा, त्या तलावाचे पाणी गावे पितात. नालेचा खिळा लागला तरी धनुर्वात होऊ शकतो, म्हणून त्याची लस चुकवू नये.

ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५चे केंद्रीय नियम आहेत: दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ विश्रांती, तट्टावर ७० किलोंपेक्षा जास्त ओझे नाही.

पाणी कमी पडल्याचा संशय आला तर मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती एक-दोन सेकंदांत सपाट व्हायला हवी. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि अंगाचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस या मर्यादेत असावे. आकडे याबाहेर गेले, की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. पुण्याच्या वाटेवर असल्यास शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय महामार्गालगतच आहे.