आगमनकालाची तयारी

नोव्हेंबर सरत आला, सकाळच्या प्रार्थनेस मुले स्वेटर घालून येऊ लागली, सदरच्या दुकानांतून कागदी तारे झळकू लागले, की एक प्रश्न आमच्या कानी हमखास पडतो : "गुरुजी, नाताळास अजून किती दिवस?" प्रश्न निष्पाप आहे, परंतु नाताळाची वाट कशी पाहावयाची हे त्या दिवसांच्या मोजणीत येत नाही. त्याविषयी विद्यार्थ्यांशी व त्यांच्या आईबापांशी चार शब्द बोलावे असे बहुत दिवस आमच्या मनात होते.

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळापूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी ते सुरू होते. हा रविवार २७ नोव्हेंबर व ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हाही पडतो, आणि तेथून नाताळापर्यंतच्या दिवसांस आगमनकाल म्हणतात. आगमन दुहेरी आहे. प्रभू बेथलेहेमात बालरूपाने आला हे एक, व तो न्याय करण्यास पुन्हा येणार आहे हे दुसरे. म्हणूनच या काळात आनंदाबरोबर धाकही आहे, आणि पुष्कळ देवमंदिरांत वेदीवर पश्चात्तापाचे जांभळे वस्त्र घालतात. आमच्या हिंदू विद्यार्थ्यांस चातुर्मासातील नेमधर्म ठाऊक आहेतच. त्यांना ही गोष्ट समजावयास जड जाऊ नये. पाचव्या शतकात फ्रान्सातील तूर येथील बिशप पर्पेत्युअस यांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा नियम घालून दिला होता. केरळातील सुरियानी ख्रिस्ती कुटुंबांत पंचवीस दिवस मांसमत्स्य वर्ज्य करण्याची चाल आजही आढळते. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत मात्र उपवास मागे पडला आणि करंजी व केक पुढे आले, हे कबूल केले पाहिजे.

दिवस मोजणाऱ्या मुलांची कथा जुनी आहे. जर्मनीतील हांबुर्ग शहरी योहान हिन्रिख विखेर्न या पाळकांनी निराधार मुलांसाठी एक गृह चालविले होते. तेथील मुले 'नाताळ केव्हा?' असे विचारून त्यांना भंडावून सोडीत. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसविल्या. रविवारांच्या चार मोठ्या व इतर वारांच्या लहान. रोज एक पेटवावयाची. मुलांची मोजणी झाली आणि प्रकाशही दिवसेंदिवस वाढत गेला. आज देवमंदिरांतून हिरव्या पानांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या दिसतात, त्यांचे मूळ या चाकात आहे.

परंतु मेणबत्ती ही खूण होय, तयारी निराळी. यशया संदेष्ट्याने, व पुढे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने, तयारीचे जे चित्र रेखाटले ते बांधकाम खात्याच्या मनुष्यास अधिक कळेल असे आहे. राजा येणार, रस्ता नीट करा, खड्डे बुजवा, उंचवटे उतरवा, वाकडे असेल ते सरळ करा. पाहुणा येणार म्हणून घर सजविणे वेगळे, आणि त्याला घरापर्यंत पोहोचता यावे म्हणून वाट मोकळी करणे वेगळे. हा खड्डा कोठे असतो? पर्वतावरील प्रवचनात प्रभूने सांगितले आहे की, वेदीजवळ दान घेऊन गेल्यावर तेथे आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट करावा. दान वाट पाहू शकते, भाऊ नव्हे.

असे खड्डे मंडळ्यांमंडळ्यांमध्येही होते, आणि त्यांतील काही बुजविल्याची एक मोठी घटना आपल्याच नागपुरात घडली. उत्तर भारतातील निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एक व्हाव्या यासाठी १९२९ साली बोलणी सुरू झाली. अडचणी खोट्या नव्हत्या. कोणी तान्ह्या बालकांस बाप्तिस्मा देत, तर कोणी म्हणत की मनुष्याने जाणतेपणी विश्वास स्वीकारल्यावरच तो द्यावा. एकांस बिशप अत्यावश्यक वाटत, दुसऱ्यांचे त्यांवाचून पिढ्यान् पिढ्या उत्तम चालले होते. मग एकाच्या पाळकाची दीक्षा दुसऱ्याने खरी मानावी कशी? दक्षिणेकडील मंडळ्या १९४७ साली एक झाल्या, तरी इकडे बोलणी चालूच होती. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी, ऑल सेंट्स कॅथिड्रलच्या आवारात, सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीतींस तीत स्थान मिळाले. त्या वर्षी २९ नोव्हेंबर हा आगमनकालाचा पहिला रविवार होता.

एकेचाळीस वर्षे! ज्यांनी बोलणी आरंभिली त्यांतील किती जण तो दिवस पाहण्यास उरले असतील? आणि सर्वच आले असेही नाही. अमेरिकन मिशनच्या परंपरेतील मेथडिस्ट मंडळी वाटाघाटीत होती, परंतु त्याच वर्षी तिने माघार घेतली. तिची जागा त्या दिवशी रिकामी राहिली, तरी इतर थांबले नाहीत. आम्हांस या कथेतील ही अपुरी बाजूच अधिक मोलाची वाटते.

आता थोडे आमच्याविषयी. काही वर्षांमागे आम्ही आठवीच्या वर्गात हाच समेटाचा उतारा शिकवीत होतो. मागच्या बाकावरील एक मुलगा उठला व सरळ मनाने म्हणाला, "गुरुजी, तुमचे कोणाशी भांडण आहे काय?" वर्ग हसला. आम्हीही हसून, पुस्तकाचे पान उलटून, वेळ मारून नेली. परंतु होते. वडिलांच्या पश्चात शेतातील विहिरीच्या हिश्श्यावरून आमच्या वडील बंधूंशी बोलणे बंद होऊन चार वर्षे झाली होती, आणि दरसाल नाताळात आम्ही शांतीची गीते मुलांकडून बसवून घेत होतो.

तिसऱ्या रविवारी उपासना झाल्यावर आम्ही काटोलची बस धरली. दादा बागेतच होते. "ये. जेवला का रे?" एवढेच ते म्हणाले. आम्ही उत्तर जुळवीत असता नजर संत्र्यांच्या झाडांकडे गेली. पाने मलूल, कित्येक पिवळी पडून खाली गळलेली. पाण्यावाचून बाग चालली की काय, आणि त्याचे कारण आमच्या हिश्श्याचे पाणी तर नव्हे, या शंकेने आम्ही चरकलो. दादा म्हणाले, "अरे, ताण दिला आहे."

शेतकऱ्यांच्या मुलांस हे सांगावयास नको, शहरातल्यांसाठी सांगतो. आंबिया बहार धरावयाचा असला की थंडीत झाडाचे पाणी काही आठवडे तोडतात. भारी काळ्या जमिनीत हे दिवस अधिक लागतात. झाडाची वाढ थांबते, ते आतल्या आत साठा करते. जानेवारीच्या मध्यास खत देऊन ताण तोडला, पाणी सोडले, की फुलांनी डवरते. वर्षभर पाणी पाजीत राहिले तर पालवी पुष्कळ येते, बहार तसा येत नाही. दादांनी शाळामास्तराला हे धडे उभ्या उभ्या दिले, आणि आम्हांस प्रथमच उपवासाचा अर्थ नीट कळला.

विहिरीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. आजही पुरता सुटलेला नाही. पण जेवण एका पंक्तीस झाले, आणि त्या वर्षी नाताळास वहिनींनी पाठविलेली संत्री आमच्या घरी आली.

मुलांनो, या दिवसांत तुम्ही आवडीची एखादी वस्तू सोडाल तर सोडा. परंतु वाचलेला पैसा नाताळाच्या कपड्यांत घालू नका, ज्याला द्यावयाचा त्याला द्या. वर्गातील ज्या सोबत्याशी अबोला आहे त्याचे नाव आपल्या प्रार्थनेत आणा, व मग त्याच्याशी बोला. नुसती प्रार्थना करून थांबू नका. आईबापांस आमची विनंती अधिक कठीण आहे. घरातील तंटा मुलांपासून लपत नाही. कोणत्या काकांचे नाव घरात घ्यावयाचे नाही हे त्यांना नेमके ठाऊक असते. भांडण त्यांनी पाहिले असेल तर क्षमा मागणेही त्यांच्या देखत व्हावे. पत्र लिहावयाचे असेल, कोणाच्या दारी जावयाचे असेल, तर ते पहिल्या आठवड्यातच करावे. चौथ्यावर भिस्त ठेवू नये. ज्या वर्षी २४ डिसेंबरास रविवार येतो, त्या वर्षी चौथा आठवडा एका दिवसाचाच असतो.