अंगुष्ठमूलगत संधिवात : पेशीक्षय आणि हस्तकर्म

संधिगत वाताचा विषय निघाला की आपले लक्ष जानुसंधीकडे जाते, फार तर कटी व मन्येकडे. अंगठ्याच्या मुळाशी दुखते म्हणून आलेला रुग्ण तेल आणि गुग्गुळु घेऊन दोन मिनिटांत बाहेर पडतो. आम्हीही कित्येक वर्षे असेच करीत होतो. ज्या रुग्णेमुळे ही सवय मोडली तिची हकीकत प्रथम सांगतो.

शिवणकामावर घर चालविणारी ५४ वर्षांची ही स्त्री उजव्या अंगुष्ठमूलाशी शूल आणि कात्री चालविताना येणारी असमर्थता अशी तक्रार घेऊन आली. रजोनिवृत्ती होऊन पाच वर्षे झाली होती. सकाळची ताठरता दहा-पंधरा मिनिटांची. आमवाताची अन्य लक्षणे नव्हती. क्ष-किरण चित्रात अंगुष्ठमूलाच्या सांध्यातील अंतर कमी झालेले व कडेला अस्थिवृद्धी दिसली. अभ्यंग, स्वेदन, त्रयोदशांग गुग्गुळु अशी योजना केली आणि हातात बळ यावे म्हणून रबरी चेंडू दिवसातून तीन वेळा दाबण्यास सांगितले. तीन आठवड्यांनी ती परतली तेव्हा शूल वाढलेला होता. औषध बदलावे अशा विचारात असता तिचे दोन्ही तळहात आम्ही प्रथमच शेजारी ठेवून पाहिले. उजव्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट झाला होता, अंगठा व तर्जनी यांमधील खाच अरुंद झाली होती. चूक औषधात नव्हती, चेंडूत होती.

याचे कारण रचनेत आहे. मनगटाचे ट्रॅपेझियम हे अस्थी आणि अंगठ्याचे पहिले करतलास्थी यांमधील हा सांधा खोगिराच्या आकाराचा असून बहुदिश हालचालीसाठी सैल ठेवलेला आहे. त्याला स्थैर्य देतात ते स्नायू आणि पेशी. (येथे स्नायू हा शब्द संहितोक्त अर्थाने, म्हणजे बंध या अर्थाने घ्यावा.) कूनी आणि चाओ यांनी १९७७ साली दाखविले की चिमटीच्या टोकाशी १ किलो दाब दिला असता या मूलसंधीवर सुमारे १२ किलो भार येतो, घट्ट मूठ आवळताना तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात फळ्या दोरांनी बांधलेल्या नावेचा दृष्टांत देऊन स्नायुबद्ध सांधेच भार सोसतात असे सांगितले आहे, आणि पेशींच्या आवरणाने संधी बलवान होतात असेही त्याच अध्यायात म्हटले आहे. या सांध्याला हे जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या सांध्याला पडत असेल.

शूलामुळे रुग्ण अंगठा बाहेर उघडण्याचे टाळतो. अंगठा उघडणाऱ्या व समोर आणणाऱ्या पेशी अनुपयोगाने क्षीण होतात. अंगठा तळहाताकडे ओढणारी ॲडक्टर पेशी मात्र वापरात राहते व आखडते. तिच्या ओढीने करतलास्थीचे डोके आत येते आणि त्याचे मूळ बाहेर सरकते. अंगुष्ठमूलाशी दिसणारा चौकोनी उंचवटा तो हाच. मग रुंद वस्तू धरण्यासाठी रुग्ण अंगठ्याचा मधला सांधा मागे वाकवू लागतो. चेंडू दाबताना याच ॲडक्टर पेशीला बळ मिळते. उलट पहिली डॉर्सल इंटरॉशियस ही खाचेतील पेशी मूळ सरकण्यास प्रतिबंध करते, आणि तिच्याकडे आपण पाहतच नाही.

परीक्षण पाच मिनिटांत होते. दोन्ही हातांची खाच व उंचवटा पाहावा. अंगठ्याचे टोक करंगळीच्या मुळापर्यंत जाते का ते पाहावे. तर्जनी अंगठ्याकडे सरकवावयास सांगून आपण विरोध करावा आणि खाचेत पेशी घट्ट होते का हे बोटाने चाचपावे. रक्तदाबमापकाचा पट्टा गुंडाळून २० मि.मी.पर्यंत फुगवावा, दोन्ही हातांच्या मुठीने व चिमटीने आळीपाळीने दाबवावा आणि पारा किंवा काटा किती चढतो ते नोंदवावे.

एक सावधगिरी मात्र अवश्य. उंचवटा वाळलेला असून अंगठा, तर्जनी व मध्यमा यांत रात्री मुंग्या येत असतील, तळहात वर ठेवून अंगठा छताकडे उचलता येत नसेल, तर मनगटात दबलेल्या मीडियन नाडीचा विचार प्रथम करावा. हे दोन्ही विकार एकाच हातात आढळतात. असा रुग्ण महिनोन्‌महिने तेलावर ठेवल्यास पेशीक्षय कायमचा होतो. त्यास त्वरित शल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

चिकित्सेत सुश्रुतांनी स्नायु-संधि-अस्थिगत वातासाठी स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन सांगितले आहे. यांतील बंधन आपण जवळजवळ विसरलो आहोत. अंगुष्ठमूलास आधार देणारी व बोटांची टोके मोकळी ठेवणारी पट्टी कामाच्या वेळी बांधावी. युलर या युरोपीय संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही या सांध्यासाठी आधारपट्टीचा दीर्घकाळ वापर आणि हाताचे व्यायाम सुचविलेले आहेत. खाचेतील आखडलेल्या पेशीवर कोमट तेलाने मृदू मर्दन करावे. तेथेच क्षिप्र मर्म असल्याने जोर करू नये. अग्निकर्म येथे आम्ही टाळतो, कारण रेडियल धमनी व नाडीच्या त्वचेलगतच्या शाखा अगदी जवळून जातात.

व्यायाम दोनच दिले. तर्जनी अंगठ्याच्या दिशेने सरकवून दुसऱ्या हाताच्या हलक्या विरोधाविरुद्ध मोजून पाच अंक धरणे, असे दहा वेळा. दुसरा, पेला धरल्यासारखी गोलाई करून मधला सांधा मागे न वाकवता अंगठा उघडणे. दुसऱ्या दिवशी शूल राहिल्यास संख्या निम्मी करावी. कात्रीच्या कड्यांना कापड गुंडाळून ती जाड करवली. सांडशीने जड पातेले उचलणे बंद केले. सांडशी म्हणजे भाराने दाबलेली चिमटीच होय.

तीन महिन्यांनी ही रुग्णा सुती कापडाचे दोन पदर विनाकष्ट कापू लागली. चार पदर अजून जमत नाहीत, आणि अंगुष्ठमूलाचा चौकोनी उंचवटा तसाच आहे. तो जाईल असे आम्ही तिला सांगितलेही नव्हते.

जाता जाता औषधालयाच्या चालकांना एक विनंती. याच रुग्णेने पहिल्या तीन आठवड्यांत अभ्यंग केवळ चार वेळा केले होते. घरी कोणी नसताना तेलाच्या बाटलीचे सीलबंद बारीक झाकण तिला उघडता येत नव्हते. रुंद, खाचदार झाकणाची बाटली द्यावी, आणि सील आपणच काउंटरवर तोडून द्यावे.